तिसरी किल्ली हरवली तर चालते, तिचा नमुना हरवून चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अर्थविषयक पुरवणीत क्रिप्टोच्या मल्टिसिग (खर्चाला एकाहून अधिक किल्ल्यांच्या सह्या लागणाऱ्या) वॉलेटवर आलेला लेख वाचला. सगळे पैसे एकाच किल्लीच्या भरवशावर ठेवू नयेत, हा त्यातला सल्ला योग्यच आहे. पण ‘तीनपैकी कोणत्याही दोन किल्ल्या जपल्या की झाले, तिसरी हरवली तरी बिघडत नाही’ हे त्यातले विधान अर्धेच खरे आहे. त्यावर विसंबून कुणी पुंजी ठेवली आणि तिसरी किल्ली खरेच गेली, तर हातात दोन किल्ल्या असूनही पैसे कायमचे अडकतील. म्हणून हे पत्र.

पुण्यातल्या कुठल्याही हाउसिंग सोसायटीच्या चेकवर दोन सह्या लागतात. एकट्या सचिवांना पैसे काढता येत नाहीत. मल्टिसिगची कल्पना हीच. फरक एवढाच, की सोसायटीच्या सह्यांचे नमुने बँकेकडे असतात. खजिनदार बदलले की ठराव नेऊन द्यायचा, बँक नवा नमुना ठेवून घेते. बिटकॉइनमध्ये बँक नाही, त्यामुळे नमुन्यांचे कार्डही आपल्यालाच सांभाळावे लागते. नेमके हेच लेखातून सुटले आहे.

प्रत्येक हार्डवेअर वॉलेट, म्हणजे गुप्त किल्ली सांभाळून सही करणारे छोटे उपकरण, १२ किंवा २४ शब्दांचा सीड (किल्लीचे बीज) तयार करते. त्या सीडमधून गुप्त किल्लीबरोबर एक मुख्य सार्वजनिक किल्लीही निघते, तिला एक्सपब म्हणतात. तीन उपकरणांचे तीन एक्सपब एकत्र आले की त्यांतून ‘या तीन किल्ल्यांपैकी दोघींच्या सह्या हव्यात’ अशी अट तयार होते, आणि त्या अटीचा हॅश (गणिताने काढलेला छोटा सांकेतिक आकडा, ज्यावरून मूळ अट काढता येत नाही) म्हणजे आपला बिटकॉइनचा पत्ता. ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या सार्वजनिक वहीत, फक्त हा हॅश असतो. पैसे खर्च करताना मूळ अट जशीच्या तशी, तिन्ही सार्वजनिक किल्ल्यांसह, समोर मांडावी लागते. तिसऱ्या उपकरणाचा सीडही गेला आणि एक्सपबही गेला, तर ती अट पुन्हा लिहिता येत नाही. सह्या करायला दोघे हजर असतात, पण सही कशावर करायची तो कागदच नसतो. इतकेच काय, आपले पैसे कोणत्या पत्त्यांवर आहेत हेही शोधता येत नाही. एखाद्या पत्त्यावरून पूर्वी खर्च झाला असेल तर त्या एका पत्त्याची अट ब्लॉकचेनवर उघड झालेली असते, पण प्रत्येक पत्त्यासाठी वेगळ्या किल्ल्या निघत असल्याने बाकीच्या पत्त्यांना तिचा उपयोग नाही.

म्हणजे जपायचे आहेत दोन सीड आणि तिन्ही एक्सपब. स्पॅरो किंवा इलेक्ट्रमसारख्या वॉलेट सॉफ्टवेअरमधून ही सगळी माहिती एकत्र बाहेर काढता येते. स्पॅरोमध्ये तिला आउटपुट डिस्क्रिप्टर म्हणतात आणि तिची क्यूआर कोडसह पीडीएफ निघते. एक एक्सपब १११ अक्षरांचा असतो, हाताने उतरवून घेण्याच्या भानगडीत पडू नये. पीडीएफ छापून, लॅमिनेट करून, प्रत्येक सीडसोबत एकेक प्रत ठेवावी. डिस्क्रिप्टर चोराच्या हाती लागला तर त्याला आपली शिल्लक आणि व्यवहार दिसतील, पैसे काढता येणार नाहीत. त्यामुळे त्याच्या प्रती चार ठिकाणी असल्या तरी आम्हाला भीती वाटत नाही. भीती वाटते ती प्रत कुठेच नसण्याची.

आता मांडणीविषयी. घरगुती बचतीसाठी ‘तीनपैकी दोन’ ही सर्वांत सोयीची रचना. ‘दोनपैकी दोन’ कुणी करू नये. त्यात एक किल्ली हरवली की सगळेच गेले, म्हणजे धोका कमी होण्याऐवजी दुप्पट झाला. तिन्ही उपकरणे एकाच कंपनीची घेऊ नयेत. एका कंपनीच्या फर्मवेअरमध्ये (उपकरणातल्या सॉफ्टवेअरमध्ये) दोष निघाला तर तिन्ही किल्ल्या एकदम कच्च्या ठरतात. उपकरण थेट उत्पादकाकडून किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावे. खोक्यात आधीच छापलेले शब्द मिळाले तर ते उपकरण वापरूच नये, त्या शब्दांची नक्कल दुसऱ्या कुणाकडे आहे हे नक्की.

सीड त्या-त्या उपकरणावरच तयार करावा. तिन्ही सीड एकाच लॅपटॉपवर काढले तर मल्टिसिगचा अर्थच उरत नाही. काही उपकरणांत फासे टाकून सीड काढण्याची सोय असते. २४ शब्दांच्या सीडला साध्या सहा बाजूंच्या फाशाच्या ९९ फेका लागतात. वेळखाऊ काम आहे, पण उपकरणाच्या यादृच्छिकतेवर डोळे झाकून विश्वास ठेवावा लागत नाही. सीडचा फोटो काढायचा नाही. फोनमधला फोटो आपोआप क्लाउडवर जाऊ शकतो, आणि मग तो सीड गुपित राहत नाही.

कागदावरची शाई पुण्याच्या पावसाळ्यात किती टिकते, हे सिंहगड रस्त्यावरच्या रहिवाशांना सांगायला नको. २५ जुलै २०२४ रोजी एकतानगरीत घरांत पाणी शिरले होते. आणि १२ जुलै १९६१ या पानशेतच्या पुराच्या तारखेची आठवण तर जुन्या पेठांमधल्या घराघरांत आहे. सीड स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर ठोकावा. रविवार पेठेत बोहरी आळीत अक्षरांच्या पंचांचा संच मिळतो. तीन-चार मिलिमीटरची अक्षरे पुरतात. सीडचे शब्द २,०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतले असतात आणि त्यातला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, म्हणून २४ शब्दांसाठी जास्तीत जास्त ९६ अक्षरे ठोकायची. पट्टीखाली ऐरण किंवा जाड लोखंडी ठोकळा घ्यावा. लाकडी पाटावर पट्टी उसळते आणि अक्षर दुहेरी उमटते. दुहेरी उमटलेला ‘ई’ आणि ‘एफ’ दहा वर्षांनी वेगळे ओळखू येत नाहीत. प्रत्येक शब्दाचा क्रमांकही ठोकावा, क्रम चुकला तर सीड चुकला. आणि हे काम दुकानदाराकडून करवून घेऊ नये, कितीही ओळखीचा असला तरी.

तीन पट्ट्या तीन ठिकाणी जायला हव्यात: एक घरात, एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक नाशिक-कोल्हापूरसारख्या दुसऱ्या गावी भावंडाकडे. घर आणि लॉकर दोन्ही नदीकाठच्या एकाच पट्ट्यात असतील तर ते एकच ठिकाण समजावे. लॉकरबद्दल एक गैरसमज दिसतो. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच आहे, आणि पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत तर भरपाई नाही. लॉकर ही तीनांतली एक जागा आहे, तिजोरीचा शेवटचा शब्द नव्हे.

वॉलेट जोडताना सॉफ्टवेअरमध्ये मल्टिसिग हा प्रकार निवडायचा, ‘तीनपैकी दोन’ ठरवायचे आणि तिन्ही उपकरणांचे एक्सपब यूएसबी, क्यूआर किंवा मायक्रोएसडी कार्डाने आत घ्यायचे. सर्वांत जास्त चूक इथे होते. उपकरणात एकेरी सहीचा आणि मल्टिसिगचा असे वेगवेगळे एक्सपब असतात, आणि घाईत पहिलाच उचलला जातो. सीडमधून किल्ली काढण्याचा जो मार्ग पडद्यावर दिसतो, तो मल्टिसिगसाठी ४८ ने सुरू होतो, एकेरी सहीच्या नेहमीच्या सेगविट (सध्याच्या प्रचलित प्रकारच्या) वॉलेटसाठी ८४ ने. चुकीचा घेतला तर काही उपकरणे सही करायला नकार देतात, आणि पुढे कधी नुसत्या सीडवरून वॉलेट उभे करायची वेळ आली तर पत्ते जुळत नाहीत. प्रत्येक किल्लीपुढे आठ अक्षरांचा एक ठसा दिसतो. तो उपकरणाच्या पडद्यावरच्या ठशाशी ताडून पाहावा.

त्यानंतर, ज्या उपकरणांत सोय आहे तिथे या वॉलेटची नोंद करावी, म्हणजे बाकीच्या दोन किल्ल्या कोणत्या हे उपकरणाला कळते. ही पायरी बरेच जण टाळतात. मग पैसे पाठवताना उरलेली मोड आपल्याच वॉलेटमध्ये परत येते आहे की भलत्याच्या, हे उपकरणाला स्वतःहून तपासता येत नाही आणि लॅपटॉप सांगेल ते खरे मानावे लागते.

पहिला पत्ता आला की तो प्रत्येक उपकरणाच्या पडद्यावर उघडून पाहावा. या प्रकारचा पत्ता ‘बीसी१क्यू’ ने सुरू होतो आणि ६२ अक्षरांचा असतो, नेहमीच्या ४२ अक्षरी पत्त्याहून चांगलाच लांब. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे पाहून पुढे जाऊ नये, तेवढी जुळवणारे बनावट पत्ते तयार करता येतात. चार-चार अक्षरांचे गट पाडून एकाने वाचावे, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून ताडावे. दोन-तीन मिनिटे लागतात.

मग हजार-दोन हजार रुपयांचे बिटकॉइन त्यावर पाठवावे आणि मोठी रक्कम पाठवण्यापूर्वी रंगीत तालीम करावी. एक उपकरण पूर्ण पुसून स्टीलच्या पट्टीवरून पुन्हा उभे करायचे आणि सही करून पाहायची. पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे, पहिले-तिसरे, अशा तिन्ही जोड्यांनी एकेकदा पैसे पाठवून पाहायचे. लॅपटॉपवरचे वॉलेट काढून टाकून नुसत्या छापील डिस्क्रिप्टरवरून ते पुन्हा उभे राहते का, हेही पाहायचे. मल्टिसिगच्या व्यवहाराचा आकार मोठा असल्याने शुल्क साध्या वॉलेटच्या साधारण दीडपट पडते. एवढ्यासाठी तालीम चुकवू नये.

सही करण्याच्या क्षणाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण गेल्या काही वर्षांतले मोठे दरोडे तिथेच पडले. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या मल्टिसिग वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता गेली. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या परदेशी एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले. दोन्हीकडे सह्या करणारे एकाहून अधिक होते, आणि त्यांच्या सह्या खऱ्याच होत्या. पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही दुसऱ्याच व्यवहारावर होत होती. सगळे जण एकाच वेब पानाकडे पाहून होकार देत असतील तर सहा सह्यांची किंमत एका सहीएवढीच राहते. प्रत्येकाने आपापल्या उपकरणाच्या छोट्या पडद्यावर रक्कम, पत्ता आणि शुल्क वाचून मगच बटण दाबावे. इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टो-जाळ्यावरच्या सेफसारख्या मल्टिसिग वॉलेटमध्ये उपकरणावर पुष्कळदा नुसता हॅश दिसतो. तो दुसऱ्या संगणकावर स्वतंत्रपणे काढून ताडून पाहावा. व्यवहाराच्या तपशिलात ‘ऑपरेशन’ या रकान्यात शून्याऐवजी एक दिसला तर थांबावे. तो डेलिगेटकॉल, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला वॉलेटच्या नावाने काम करू देणारा आदेश असतो आणि वॉलेटचे मूळ यंत्रच बदलू शकतो. बायबिटमध्ये तेच झाले.

सेफमध्ये एक सोय मात्र आहे: सही करणारा बदलला तरी पत्ता तोच राहतो. बिटकॉइनमध्ये तसे नाही. एक किल्ली हरवली किंवा एखादा सहीदार गेला, की उरलेल्या दोन किल्ल्यांनी सगळी रक्कम नव्या तीन किल्ल्यांच्या वॉलेटमध्ये हलवायची. हे त्याच आठवड्यात करावे. ‘दोन आहेत ना’ म्हणून चालढकल करणारा माणूस प्रत्यक्षात ‘दोनपैकी दोन’ वर बसलेला असतो.

हा विषय घरापुरता नाही. गेनबिटकॉइन या बिटकॉइन गुंतवणूक फसवणुकीच्या प्रकरणाच्या तपासात तज्ज्ञ म्हणून मदत करणाऱ्या दोघांना पुणे पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये अटक केली. आरोप होता आभासी चलन परस्पर स्वतःकडे वळवल्याचा. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. पण जप्त केलेले चलन कुणा एकाच्या हातातल्या किल्लीवर असू नये, हे सांगायला निकालाची वाट पाहण्याची गरज नाही. तपास यंत्रणा, संस्था आणि कंपन्या यांच्यासाठी ‘पाचपैकी तीन’ ही रचना आम्हाला योग्य वाटते. पाच सहीदार वेगवेगळ्या विभागांतले असावेत आणि बदली झाली की किल्ली बदलण्याचा नियम लेखी असावा.

वारसांसाठी मृत्युपत्रात सीड लिहू नये, ते पुढे अनेकांच्या हातांतून जाते. पट्ट्या कुठे आहेत, सॉफ्टवेअर कोणते, डिस्क्रिप्टरची प्रत कुठे, एवढे साध्या मराठीत लिहून घरातल्या एका माणसाकडून एकदा प्रत्यक्ष करवून घ्यावे. तपासणीला वर्षातला एक दिवस ठरवावा. खंडेनवमीला हत्यारे, अवजारे बाहेर काढून पुसतो, त्याच दिवशी उपकरणेही चालू करून, फर्मवेअर पाहून, एक छोटी सही करून ठेवता येईल.

आपला लेख वाचून काही वाचकांनी वॉलेट उभारलेही असेल आणि फक्त सीड लिहून ठेवले असतील. त्यांची तिन्ही उपकरणे आज चालू आहेत तोवर काही बिघडलेले नाही. वॉलेट उघडून डिस्क्रिप्टर बाहेर काढायला दहा मिनिटे पुरतात. उपकरण बंद पडल्यावर आणि त्याची पट्टीही हरवल्यावर मात्र उपाय नाही. बाकी पत्राला जागा नसेल तर हरकत नाही, एवढी दुरुस्ती त्याच पानावर, पुढच्याच अंकात छापावी ही विनंती.

आपले,
संगणक सुरक्षेच्या क्षेत्रातील काही वाचक,
कोथरूड, पुणे