आवाहन टाकण्याआधी

प्रिय अविनाश,

ओमच्या बोनमॅरो ट्रान्सप्लांटसाठी ऑनलाइन पैसे उभे करायचं ठरवलंत, ते योग्यच केलंत. ‘लोकांपुढे हात पसरायची वेळ आली’ असं मनात आणू नकोस. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका तान्ह्या बाळासाठी एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारावरचं १६ कोटींचं इंजेक्शन अनोळखी लोकांच्या पैशांतून आलं, आणि त्यावरचा सुमारे ६ कोटींचा कर केंद्र सरकारने माफ केला. लोक देतात रे.

अडचण पैसे आल्यावर सुरू होते. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात बसून मी हे सतत पाहतो. मूळ एस्टिमेटएवढी रक्कम जमते, तेवढ्यात मुलाला इन्फेक्शन होतं, आयसीयूतले दिवस वाढतात, घरचे आकडा वाढवतात. आणि देणाऱ्याला वाटतं, आपल्याला फसवलं. म्हणून आजच लिहून टाक: डॉक्टरांचा अंदाज एवढा, तो या कारणांनी वाढू शकतो, डिस्चार्जनंतरही औषधं आणि तपासण्या चालू राहणार. शक्यतो पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात वळव. दर टप्प्याचं बिल टाक, फक्त पत्ता आणि रुग्ण क्रमांक झाकून. उरले तर कुणाला देणार तेही सांग.

त्याआधी रुग्णालय धर्मादाय आहे का ते विचार. असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ ककखाली निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी आणखी १० टक्के सवलतीत राखाव्या लागतात. राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं तेही बघ. यातून जे मिळेल ते आवाहनात नोंदव. नंतर दुसरीकडून कळलं तर चांगली माणसंही दुखावतात. काही संकेतस्थळांवर पैसे भरताना त्यांची टिप आपोआप धरलेली असते, ती बदलता येते, हेही नातेवाइकांना कळव. शिवाय ओमच्या नावाने थेट दिलेल्या पैशांवर देणगीची आयकर सवलत मिळत नाही, ती नोंदणीकृत संस्थेमार्फत दिलं तरच.

पण हिशेब द्यायचा तो पैशांचा. ओमचा केस गेलेला, नळ्या लावलेला फोटो टाकू नका. जास्त पैसे येतील, असं कुणी सांगेलही. तरी नको. तो नऊ वर्षांचा आहे. उद्या बरा होऊन कॉलेजात जाईल तेव्हा तो फोटो इंटरनेटवर असेलच. एका मुलीच्या वडिलांना देणगीदाराने विचारलं होतं, पैसे नाहीत तर हातात असा मोबाइल कसा? त्याच मोबाइलवरून ते रात्री जागून बिलं पाठवत होते. मला फार राग आला होता. पाचशे रुपये दिले म्हणून कुणाच्या घरात डोकावायचा हक्क मिळत नाही. ताईंनी दिवाळीला ओमला नवा शर्ट घेतला तर त्याचा खुलासा कुणालाही देऊ नका.

लिहायला जड जातं, पण काही वाईट घडलं तर त्याच दिवशी दोन ओळी टाकून जमा थांबवायची, एवढंच. बाकी हिशेब महिन्याभराने दिला तरी चालेल. हे काम ताईंवर ठेवू नकोस, तू किंवा मी करू.

मजकूर टाकण्याआधी मला पाठव, रविवारी बसून नीट करू. एस्टिमेटची प्रतही जोड, त्यावर रुग्णालयाचा शिक्का हवा. काका-काकूंना नमस्कार, ओमला खूप प्रेम.

तुझा,
सुहास