नोकरी अर्धी केली आहे, सोडलेली नाही

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

कोयना धरणात आपलं गाव गेलं, त्यावर कादंबरी लिहिणार आहे असं मी फोनवर म्हटलं, तेव्हा बाबा म्हणाले, "लिहायचंच तर खरं लिही, कादंबरी कशाला?" आई काहीच बोलली नाही, म्हणजे तिचाही प्रश्न तोच. मला फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी पैशांचं. 1 तारखेपासून आठवड्यात तीन दिवस काम आणि त्या मानाने पगार, असं ऑफिसशी ठरलं आहे आणि सहीही झाली आहे. तुमच्या खात्यात 5 तारखेला जमा होतात ते पैसे तेवढेच राहतील. विम्याचा हप्ता भरून झाला आहे. आईच्या गुडघ्यांसाठी येणाऱ्या बाई येत राहतील, त्यांना "आता नको" म्हणू नका. काटकसर करायची ती मी माझ्या बाजूला करीन. श्री. ना. पेंडसे 'बेस्ट'मध्ये नोकरी करत असतानाच कादंबऱ्या लिहीत होते, तेव्हा यात जगावेगळं काही नाही.

कमाईचं म्हणाल तर ती जवळजवळ नाहीच. हजार प्रतींची आवृत्ती, 400 रुपये किंमत आणि दहा टक्के मानधन धरलं, तर सगळ्या प्रती खपल्यावर हातात 40 हजार. तेही कधी खपतील तेव्हा. नाव छापून यावं ही हौस आहे, नाही कशाला म्हणू? पण नुसत्या हौसेवर 70 हजार शब्द होत नाहीत. ती फार तर पहिल्या दोन प्रकरणांपर्यंत पुरते.

आता "खरं लिही"चं. बाबा, तुम्ही जपून ठेवलेले भूसंपादनाचे कागद मी ओळीन् ओळ वाचले. सर्व्हे नंबर आहे, एकर-गुंठे आहेत, झाडं मोजलेली आहेत, घराची किंमत आहे, भरपाई आहे. आजीचं नाव कुठेच नाही, कारण ती खातेदार नव्हती. पुनर्वसनाचा कायदा राज्यात 1976 साली आला. कोयनेचं पाणी त्याच्या कितीतरी आधी चढलं होतं, त्यामुळे कोणी काय मागितलं आणि काय नाकारलं गेलं याची नोंद आपल्यासारख्यांच्या वाट्याला फारशी आलीच नाही. यावर लेख लिहिला तर "आजीला तेव्हा असं वाटलं" हे वाक्य मला लिहिता येणार नाही. पुरावा काय, असं कोणीही विचारेल. कादंबरीत ते वाक्य लिहिणं हेच काम असतं. ते बेफाम सुटू नये म्हणून आजूबाजूचं सगळं मात्र खरं लागतं : पेरणी कधी, नदीला उतार कुठे, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा कोण कुठे राहत होतं.

हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' यमूच्या तोंडून लिहिली. बालविधवांवर तेव्हा लेख आणि भाषणं काही कमी होत नव्हती. पण लेखात यमू "मी" म्हणू शकत नाही. एका पुरुषाने तिच्या डोक्यात शिरून घर बघितलं, म्हणून वाचणाऱ्यालाही ते तिच्या जागेवरून बघावं लागलं. धरणग्रस्तांवरची 'झाडाझडती' लिहिणारे विश्वास पाटीलही प्रशासकीय सेवेतले. अहवाल कसा लिहितात हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं, तरी त्यांना कादंबरी लिहावी लागली.

आणि आई, तुला ज्याची धास्ती आहे ते. काकांचं मी लिहिणार नाही. पण सगळ्यांच्या आधी सही करून पैसे उचलणारा एक माणूस गोष्टीत असेल. तो तीन-चार घरांतल्या माणसांचा मिळून केलेला आहे. गाव वेगळं, वय वेगळं, त्याला मुलीच मुली. त्याला खलनायक केलं तर प्रकरण दहा पानांत आटोपतं, आणि खोटंही होतं. त्याने सही का केली हे त्याच्या बाजूने पटेपर्यंत मला लिहीत राहायचं आहे. खरं सांगू, लिहायला बसण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. आपल्या घरात या विषयावर सगळे एकदम गप्प होतात. लहानपणी बाबा गोष्ट सांगताना नदीपर्यंत यायचे आणि "झोप आता" म्हणायचे. पुढचं मी पांघरुणात मनाशीच जुळवायची.

वेळेचा हिशेबही केला आहे. मोकळे चार दिवस, रोज 600 शब्द, म्हणजे पहिला खर्डा साधारण सात महिन्यांत. गाडी बहुतेकांची 30 हजार शब्दांच्या आसपास अडकते, कारण तोवर सगळी माणसं येऊन गेलेली असतात आणि कोणालाच काही हवं नसतं. म्हणून माझ्या कादंबरीतल्या बारा वर्षांच्या मुलीला पहिल्या पानापासून एक साधी गोष्ट हवी आहे : धरणापायी गाव उठण्याआधी गाभण म्हैस व्यायला हवी. दुसरा धोका माहितीचा. धरणाची उंची आणि पाण्याचे आकडे मला पाठ आहेत, पण ते तिला माहीत असायचं कारण नाही, म्हणून तेवढी पानं काढायची. खर्डा झाला की महिनाभर बंद ठेवायचा आणि मग मोठ्याने वाचायचा. संवाद कुठे पुस्तकी झाला ते कानाला लगेच कळतं.

आता ऐका. बाबा, माळ्यावरच्या ट्रंकेसाठी स्वतः शिडीवर चढायचं नाही, शेजारच्या पोराला हाक मारा. रक्तदाबाची गोळी सकाळचीच घ्यायची, दुपारी आठवल्यावर नव्हे. मोतीबिंदूची तारीख तुम्हीच ठरवून कळवा. मोकळे चार दिवस आता माझ्या हातात आहेत, मी येऊन राहीन. आई, जिना उतरताना कठडा धर.

आणि जमेल तसं एवढं सांगा, वहीत लिहिलंत तरी चालेल. खालच्या वावरात काय पिकायचं? सामान कशातून नेलं, आणि काय मागे ठेवावं लागलं? नव्या जागी पहिल्या दिवशी चूल कशावर पेटवली? ज्यावर बोलवत नसेल ते सोडून द्या, मी विचारणार नाही. पण म्हशीचं नाव तेवढं आठवून कळवाच.

तुमची,
माई