रुग्णाची बोली समजणे हा शिक्षणाचाच भाग हवा

मा. संपादक,
स. न.

माझी बहात्तर वर्षांची आई मधुमेही आहे. गेल्या हिवाळ्यात एका रुग्णालयात तिने तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांना अहिराणीत ‘मना जीव घाबरी ऱ्हायना’ (माझा जीव कासावीस होतो आहे) असे सांगितले. ते अखिल भारतीय कोट्यातून आलेले, मराठी नुकतेच शिकलेले. त्यांनी ‘आजी, घाबरू नका’ म्हणत प्रेमाने धीर दिला आणि ते पुढच्या खाटेकडे वळले. वॉर्डातील मावशींनी त्यांना थांबवून आईला छाती भरून येते का, घाम सुटतो का, असे अहिराणीतच विचारले, तेव्हा कुठे ईसीजी निघाला आणि दुखणे हृदयाचे असल्याचे कळले. मधुमेह्यांमध्ये छातीत कळ न येताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, हे त्या डॉक्टरांना नक्कीच ठाऊक असणार. परंतु आई काय सांगते आहे हेच न कळल्याने ते ज्ञान त्या घडीला उपयोगी पडले नाही.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून रुग्णसंवाद आणि वैद्यकीय नीती यांचे ‘एटकॉम’ हे स्वतंत्र प्रशिक्षण आहे. सुरुवातीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेलाही स्थान आहे. मात्र खान्देशात स्थानिक भाषा म्हणजे केवळ प्रमाण मराठी नव्हे. धुळे-जळगावच्या खेड्यांत अहिराणी, नवापूरकडे मावची, तर धडगाव-अक्कलकुवा भागात भिली आणि पावरी बोलली जाते. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे या बोलींतील निदान दुखण्याचे शब्द आणि औषधाच्या सूचना शिकवल्या जाव्यात.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे उदाहरण घ्यावे. आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे आजाराचा एकच सदोष जनुक असलेले, असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हा फरक सातपुड्यातील जोडप्याला त्याच्या भाषेत उलगडून सांगितला नाही, तर तपासणीचा कागद घरात नुसता पडून राहतो. या आजाराच्या तीव्र वेदनांनी तळमळणाऱ्या तरुण रुग्णाच्या अंगावर जखम दिसत नाही म्हणून तो सोंग करतो असे समजले जाण्याचा धोकाही असतो. त्याला पुरेसे वेदनाशामक वेळेवर मिळणे किती निकडीचे आहे, हे डॉक्टरांइतकेच परिचारिकांना आणि वॉर्डातील कर्मचाऱ्यांनाही शिकवायला हवे.

शिवाय ‘समजले का?’ असे विचारल्यावर आपला माणूस संकोचाने मान डोलावतो. त्याऐवजी ‘गोळी कशी घेणार ते मला सांगा’ असे म्हणण्याची सवय विद्यार्थ्यांना लागावी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत त्याला गुण असावेत. गुण नसलेल्या गोष्टीकडे विद्यार्थी वळत नाहीत, हे मी शिक्षक म्हणून तीस वर्षे पाहिले आहे.

या बोली शिकवण्यासाठी आशाताई आणि वॉर्डातील अनुभवी मावशी यांना सन्मानाने वर्गात बोलवावे व त्या तासांचे रीतसर मानधन द्यावे, अशी तिन्ही महाविद्यालयांच्या अधिष्ठातांना माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
पारोळा, जि. जळगाव