फलकावर गाव शोधायचे कसे?

महोदय,

एसटी स्थानकात वेळापत्रकाचा भलामोठा फलक असूनही रांग चौकशीच्या खिडकीलाच असते. कारण फलक गाडीच्या शेवटच्या ठिकाणानुसार लिहिलेला असतो आणि प्रवाशाला जायचे असते अधल्यामधल्या गावी. साताऱ्याहून उंब्रजला निघालेल्याने कराड, सांगली, कोल्हापूर या सगळ्या ओळी चाळायच्या, वर त्यातली साधी कोणती आणि विनाथांबा कोणती हेही ताडायचे. फलकाशेजारी गावांची अकारविल्हे यादी लावली आणि प्रत्येक गावापुढे फलाट क्रमांक व तिथे थांबणाऱ्या गाड्यांची दिशा लिहिली, तर निम्मे प्रश्न खिडकीपर्यंत जाणारच नाहीत.

वेळ लिहिण्यातही गोंधळ असतो. ‘७.५’ म्हणजे सात वाजून पाच की सात पन्नास? मिनिटे नेहमी दोन अंकी हवीत: ०७.०५. दुपारनंतर १७.३० असेच लिहावे, नुसते ५.३० पाहून पहाटेच्या गाडीसाठी संध्याकाळी येणारे असतातच. रंग उडाला की देवनागरी १ आणि ९ लांबून सारखेच दिसतात. रंगाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या हाती कच्चा कागदच तसा येतो. अक्षराच्या उंचीचा ढोबळ हिशेब सोपा आहे: दर दहा फुटांना एक इंच. पंधरा फुटांवरून वाचायचा फलक असेल तर अक्षर दीड इंचाचे हवे. तेवढ्यात सगळ्या ओळी मावत नसतील तर दिशेनुसार दोन फलक करावेत, अक्षर बारीक करू नये. डिजिटल पडद्यावर तर आपली ओळ सापडेपर्यंत पान उलटलेले असते.

शाळेच्या दिवशीच धावणारी फेरी आणि उन्हाळ्यातली जादा गाडी रोजच्या ओळींत मिसळू नये. त्यांच्यासाठी वेगळ्या रंगाच्या, काढता-घालता येणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या कराव्यात. एक वेळ बदलली म्हणून जुन्या रंगावर कागद चिकटवायचा, तो पहिल्या पावसात गळतो आणि खालची जुनी वेळ पुन्हा वर येते. कोपऱ्यात ‘अमुक तारखेपासून लागू’ असे नसेल तर ही वेळ आत्ताची की तीन वर्षांपूर्वीची, हे कोणालाच सांगता येत नाही.

मध्यरात्रीनंतरच्या गाड्यांची तऱ्हा वेगळीच. ००.१५ ची गाडी १४ तारखेची म्हटली की ती १३ च्या रात्री जागून पकडायची असते. १४ च्या रात्री सामान घेऊन आलेल्याचे आरक्षण आदल्याच रात्री वाया गेलेले असते. फलकावर आणि तिकिटावर ‘१३ ची रात्र, १४ ची पहाट’ एवढे छापायला जागा नक्कीच आहे.

– एक प्रवासी, कराड