कूलरची खिडकी आधी सांभाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की आपल्या शहराच्या पानावर बंद घरं फोडल्याच्या बातम्या वाढतात. सोबत पोलिसांचं आवाहनही असतं की गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगा, दागिने घरात ठेवू नका, सीसीटीव्ही लावा. सगळं बरोबर आहे. पण चोर घरात शिरला कुठून, हे बातमीत एका ओळीत संपतं, आणि माझं काम तिथूनच सुरू होतं. मानेवाडा रोडच्या बाजूला माझं वेल्डिंग-फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. आमच्या भागात घरफोडी झाली की तुटलेलं दार आणि वाकवलेली ग्रील दुरुस्त करायला मला बोलावणं येतं. तिथे जे डोळ्यांनी दिसतं, तेच लिहितो आहे.

नागपुरातल्या घराची उन्हाळ्यातली सगळ्यात कच्ची जागा म्हणजे कूलरची खिडकी.

होळी झाली की घाई सुरू होते. गच्चीवरच्या खोलीतून कूलर खाली येतो, त्याच्या बाजूंना पाणी झिरपणाऱ्या नवीन तट्ट्या लागतात आणि मला फोन येतो, "भाऊ, कूलर बसत नाही, तेवढी जाळी कापून द्या न." खिडकीची ग्रील 10 नाहीतर 12 एमएमच्या सळईची, चांगली मजबूत असते. तिला ग्राइंडर लावून मधोमध दोन-सव्वादोन फुटांचं भगदाड पाडायचं आणि त्यात कूलरचं तोंड बसवायचं. घरच्यांना वाटतं, कूलर बसला म्हणजे खिडकी बंद झाली. टाकीत पाणी असेपर्यंत एकट्या माणसाला कूलर सहज हलत नाही, हे खरं. पण गावाला जाताना आपण टाकी रिकामी करतो. करायलाच पाहिजे, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. रिकामा कूलर मात्र नुसता पत्र्याचा डबा असतो. स्टँडवरून तो सरकवला की धडधाकट माणूस आत जाईल एवढी वाट मोकळी होते, आणि चढायला स्टँड तिथे असतोच.

गेल्या मे महिन्यात हुडकेश्वरकडच्या एका घरी गेलो होतो. घरची मंडळी लग्नाला बाहेरगावी होती. समोरच्या दाराला वर-खाली दोन मोठी कुलपं, शिवाय बाहेरून चॅनल गेट. त्यातल्या एकाही कुलपाला ओरखडा नव्हता. मागच्या बाजूला कूलर जमिनीवर नीट उतरवून ठेवलेला, एक तट्टीसुद्धा फाटलेली नव्हती. पंपाची वायर काढून गुंडाळून कूलरवरच ठेवली होती. आत लोखंडी कपाटाच्या दाराचा खालचा कोपरा बाहेर ओढलेला. घरातली सून त्या कपाटासमोर बसून होती. तिच्या आईने दिलेल्या पाटल्या गेल्या होत्या. शेजारी भले लोक आहेत, त्या रात्री सगळे घरातच होते. पण प्रत्येकाच्या खिडकीत कूलर घरघरत असताना बाजूच्या घरातला आवाज येणार कसा?

त्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसली, ती मला फार लागली. धुणी-भांडी करणाऱ्या बाईला सगळे उलटसुलट विचारत होते, "आम्ही बाहेर जाणार हे तुलाच माहीत होतं ना?" ती बिचारी रडत उभी होती. संपादक साहेब, घर बंद आहे हे कळायला आतल्या माणसाची काय गरज? मे महिन्यात दुपारी एक ते चार या वेळेत आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, रस्त्यावर कुणी नसतं. पारा 45 च्या पुढे गेलेला असतो, पण ज्या घरात माणूस आहे त्या घरचा कूलर चालू असतो आणि खाली पाणी ठिबकत असतं. ज्या घरचा कूलर दोन दिवस गप्प आणि खालची फरशी कोरडी, ते घर रिकामं. शिवाय दारात रांगोळी नाही, तुळस वाळलेली, फाटकात पेपर अडकलेले आणि भर दुपारी बाहेरचा दिवा सुरू. हे रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही दिसतं. म्हणून पुरावा नसताना गरिबावर बोट ठेवू नका, ही हात जोडून विनंती आहे.

आपल्याकडे हा धोका जास्त दिवस राहतो, हेही लक्षात घ्या. बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, विदर्भात उन्हामुळे जूनच्या शेवटी. नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, टाळायला लोक मुलंबाळं घेऊन बाहेर पडतात ते पाऊस आल्यावरच परततात. बेसा, पिपळा, नरसाळा, दिघोरी या बाजूला नवीन लेआउटमध्ये दोन घरांच्या मध्ये अजून रिकामे प्लॉट आहेत. मागची खिडकी तिथे कुणाच्याच नजरेत नसते.

उपाय साधा आहे. कूलरच्या मापाचं भोक पाडायचंच असेल तर त्याला अँगलची चौकट करून घ्या आणि त्यावर कब्ज्यांवर फिरणारं ग्रीलचं दार लावा, कडी आतून. कूलर काढला की ते दार बंद करायचं. घर बंद करून जाताना जड वाटला तरी कूलर आत घ्या आणि हे दार लावूनच निघा. कूलर बाहेरच ठेवायचा असेल तर त्याच्या भोवती पेटी ग्रील करून ती भिंतीत आरपार बोल्टने बसवा. हवेला अडथळा होत नाही. पाणी भरायला छोटं दार ठेवून त्याला कुलूप लावता येतं.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगतो. काही जण स्वस्तात काम म्हणून कूलर साखळीने ग्रीलला बांधून टाकतात. लोखंडी कूलरमध्ये करंट उतरला तर साखळीवाटे तो ग्रीलमध्येही उतरतो, आणि त्या ग्रीलला लहान मूल लटकलेलं असू शकतं. कूलरच्या शॉकने माणसं दर उन्हाळ्यात दगावतात. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, तीन पिनांचाच प्लग वापरा आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या. चोरापासून वाचायला म्हणून घराचा पिंजरा करणंही धोक्याचं आहे. आग लागली तर बाहेर कसं पडणार? निदान एका खिडकीची ग्रील आतून उघडणारी असू द्या, आणि तिची किल्ली कुठे आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांनाही माहीत असू द्या.

दाराचं म्हणाल तर लोक दुकानात जाऊन महागातलं कुलूप आणतात, ते लटकतं मात्र तकलादू कोयंड्यात. दारातून झालेल्या ज्या घरफोड्या मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांत कुलूप शाबूत होतं आणि कोयंडा स्क्रूंसकट उपटलेला होता. प्लायच्या फ्लश डोअरमध्ये अर्धा-पाऊण इंचाचे स्क्रू ठोकलेले असतात. स्क्रू पिळून बसवायचा असतो, पण घाईत हातोडीने ठोकून देतात, मग त्याला पकड राहत नाही. सब्बलीचा, म्हणजे पहारीचा, एक हिसका पुरतो, आवाजही फारसा होत नाही. कोयंडा जाड पट्टीचा घ्या आणि दाराच्या आरपार नटबोल्ट घाला, नट आतल्या बाजूने. शक्य असेल तर आतल्या आत बसणारं लॉक लावा, म्हणजे बाहेर कुलूप लटकलेलं दिसणार नाही. गच्चीच्या दाराकडे तर कुणी बघतच नाही. महाल-इतवारीच्या जुन्या घरांत आजही लोक वर झोपतात आणि खालचं दार नुसतं ओढून घेतात. खाली कुलूप लावून किल्ली उशाशी ठेवा.

लोखंडी कपाट म्हणजे तिजोरी नव्हे. त्याचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. लग्नसराईत लॉकरमधून काढलेलं सोनं लग्न झाल्याबरोबर लॉकरमध्ये परत गेलं पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासूनच्या नियमानुसार बँकेत चोरी झाली तर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या 100 पटीपर्यंत जबाबदारी बँकेवर येते. घरच्या कपाटाची जबाबदारी कुणावरच नाही.

पोलिसांना माझी एक मागणी आहे. दार फुटल्यावर लोक मला ताबडतोब बोलावतात, कारण रात्री उघड्या दाराच्या घरात बायका-मुलांना घेऊन झोपायचं कसं? पण पंचनामा झाला नसेल तर मी हात लावत नाही. माझे हात आणि ग्राइंडर त्या ग्रीलला लागले की चोराच्या बोटांचे ठसे गेलेच. घरचे काकुळतीला येतात आणि मी बाहेर स्कूटरवर बसून राहतो. कधी कधी दिवस मावळतो. घरफोडीची खबर मिळाल्यावर त्याच दिवशी, उजेड आहे तोवर ठसे घेऊन पंचनामा व्हावा. मनुष्यबळ कमी आहे हे समजतं, पण निदान उन्हाळ्याचे तीन महिने तरी एवढं व्हायला हवं.

बाहेरगावी असताना शेजाऱ्याचा फोन आला तर घाबरून जाऊ नका. शेजाऱ्याला 112 वर फोन करायला सांगा आणि आत कुणी पाय ठेवू नका म्हणावं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने तुम्ही असाल तिथल्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांच्या आत सही करावी लागते.

बिल्डर मंडळींनी नवीन रो-हाऊसच्या नकाशातच कूलरची चौकट धरावी. नागपुरात घर बांधता, तर कूलर लागणारच.

आणि माझ्या धंद्यातल्या बांधवांनो, गिऱ्हाइकाला घाई असते, आपल्यालाही सीझनमध्ये चार पैसे मिळतात. पण नुसतं भोक पाडून निघून येऊ नका. लोहाओळीच्या बाजारातून नवं लोखंड आणायचीही गरज नाही. कापलेला ग्रीलचा तुकडा भंगारात टाकण्याऐवजी त्यालाच चारही बाजूंनी पट्टी मारा, दोन कब्जे आणि एक कडी लावा, की तेच दार झालं. तासाभराचं काम आहे. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी समजावून सांगा, आणि तरीही ऐकत नसेल तर ते काम घेऊ नका. मी घेत नाही.

आपला,
एक फॅब्रिकेटर
मानेवाडा, नागपूर