आपल्या 'फोटोवाल्या'च्या पेट्या पावसाळ्याआधी वाचवायच्या आहेत!

सर्व बॅचमित्र-मैत्रिणींना सप्रेम नमस्कार.

आपला 'फोटोवाला' जाऊन वर्ष होत आलं. नोकरी सगळी पाटबंधारे खात्यात, रविवार सगळे सह्याद्रीत. ऑर्वो आणि 'इंदू' या फिल्मच्या रोलच्या जमान्यापासूनच्या निगेटिव्ह आणि स्लाइड त्याने जपल्या. स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर बारीक पेन्सिलीने लिहिलेलं : 'राजगड, सुवेळा माची, नेढं, स. ७'. बोट क्लबवरचे, रेगाटाच्या (नौकानयन सोहळ्याच्या) सरावाचे रोलही आहेत.

वहिनींनी पेट्या विश्वासाने आपल्या हवाली केल्या. सोलापूरच्या मित्राने न मागता स्कॅनर दिला, तोही स्वतः गाडीत मांडीवर घेऊन आला. नाशिकच्या मैत्रिणीने पॉलिप्रॉपिलीनची (फिल्मला न बाधणाऱ्या प्लास्टिकची) पाकिटं दिली आणि दोन दिवस राहून निम्मी भरूनही दिली. या दोघांचे आभार मानावे तितके थोडे. दिवाळीत सर्वांना धाडलेल्या पत्राला मात्र बोटांवर मोजण्याइतकीच उत्तरं आली, याचं वाईट वाटलं. आपल्या किती जणांच्या लग्नाचे फोटो त्याने काढले, रोलचेही पैसे घेतले नाहीत!

घाई अशासाठी, की दोन पेट्यांतून व्हिनेगरसारखा आंबट वास येतोय. ॲसिटेटची (एका प्रकारच्या प्लास्टिकची) फिल्म कुजायला लागली की तिच्यातून सुटणारं आम्लच कुज वाढवतं आणि शेजारचे रोलही बाधतात. ते रोल वेगळे काढलेत, त्यांचं स्कॅनिंग आधी. बुरशी आलेल्या फिल्मवर कृपया कुणी ओला बोळा फिरवू नये. बुरशीने फिल्मवरचं चित्र धरून ठेवणारं जिलेटिन पाण्यात विरघळण्याजोगं होतं, पुसताना चित्रच निघून येतं. कृष्णधवल फिल्मवर स्कॅनरची धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय चालत नाही, कारण फिल्ममधली चांदी ते किरण अडवते. म्हणजे ब्लोअर, मऊ ब्रश आणि एकेक फ्रेम हाताने. ४००० डीपीआयला (इंचाला ४००० ठिपके) ४८ बिट रंगाची, तपशील न गमावणारी टिफ फाइल फ्रेममागे साधारण १२५ एमबी, हजार फ्रेमना १२५ जीबी. हार्ड डिस्क दोन, एक वहिनींकडे राहील.

पैशांपेक्षा माणसं जास्त हवीत. गडांची नावं त्याने लिहिली, चेहऱ्यांची नाही. त्या बोटीतले चौघे कोण, हे आपल्याशिवाय कोण सांगणार?

दर रविवारी ९ ते १२, वहिनींकडे. वाचायचा चष्मा आणावा, हातमोजे मिळतील. वर्गणी प्रत्येकी २,००० रु. (डिस्क, सिलिका जेल, ब्लोअर), कोषाध्यक्षांकडे, ३१ मेपूर्वी. परगावच्यांना स्कॅन व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून येतील (फोटो म्हणून पाठवले की बारीकसारीक तपशील जातो). उत्तरात पेटी आणि फ्रेम क्रमांक लिहावा.

आपला,
चिटणीस