थंडरबर्डने आधी साठवणीचा पाया दुरुस्त करावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ईमेल म्हणजे मोबाइलवर नाहीतर ब्राउझरमध्ये उघडायची गोष्ट, अशी आता सर्वसाधारण समजूत आहे. पण सीए, वकील, छोटे कारखानदार, प्रकाशक अशा अनेकांचा दहा-पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार आजही थंडरबर्ड या मुक्तस्रोत प्रोग्रॅममध्ये, स्वतःच्या संगणकावर साठवलेला असतो. या प्रोग्रॅमने पुढे कुठे जावे, याचे निर्णय सध्या होत आहेत. म्हणून हे पत्र.

थंडरबर्डची पहिली आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली, पण आतली बरीच रचना त्याहून जुनी, नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळातली आहे. २०१२ मध्ये थंडरबर्ड बनवणाऱ्या मोझिलाने नवी वैशिष्ट्ये देण्याचे काम थांबवून फक्त सुरक्षा आणि देखभाल चालू ठेवली. २०१५ मध्ये तर मोझिलाच्याच फायरफॉक्स ब्राउझरपासून त्याला वेगळे करण्याचीच भाषा झाली. तेव्हा बहुतेकांनी त्याची आशा सोडली होती. २०२० पासून मोझिला फाउंडेशनच्या मालकीची एमझेडएलए ही कंपनी हे काम पाहते, आणि ते जवळजवळ सगळे वापरकर्त्यांच्या देणग्यांवर चालते. २०२२ मध्ये सुमारे ६४ लाख डॉलर जमले, २०२३ मध्ये सुमारे ८६ लाख. जाहिरातदार नाही, ग्राहकांचा डेटा विकणे नाही, आणि तरीही पूर्णवेळ प्रोग्रॅमर पगारावर ठेवता येतात, ही फार मोठी गोष्ट आहे.

या पैशातून २०२३ मध्ये ११५ व्या आवृत्तीत नवा चेहरामोहरा आला, ऑक्टोबर २०२४ मध्ये के-नाइन मेल या आधीच्या मुक्तस्रोत ॲपच्या पायावर अँड्रॉइडचे ॲप आले, आणि एप्रिल २०२५ मध्ये थंडरमेल (ईमेल खाते), अपॉइंटमेंट (भेटीच्या वेळा ठरवणे), सेंड (मोठ्या फायली पाठवणे) अशा सशुल्क सेवांची घोषणा झाली. सेवांना आमचा विरोध नाही. देणग्यांच्या जोडीला दुसरे उत्पन्न हवेच. पण पैसा आणि माणसे मर्यादित असताना आधी काय करायचे, हा प्रश्न उरतो. आमचे ठाम मत असे की, पहिला हक्क संगणकावरच्या साठवणीचा आहे.

कारण नेमके काय बिघडते ते पाहा. थंडरबर्डमध्ये इनबॉक्स म्हणजे एमबॉक्स पद्धतीची एकच सलग मजकूर-फाईल. हजारो पत्रे त्यात एकाखाली एक लिहिलेली असतात. आपण एखादे पत्र डिलीट केले तरी ते फाईलमधून जात नाही. पत्राच्या शीर्षभागात 'एक्स-मोझिला-स्टेटस' अशी एक ओळ असते, तिच्यातला आकडा बदलतो आणि पत्र फक्त दिसेनासे होते. कचरापेटी रिकामी करूनही डिस्कवर जागा का मोकळी होत नाही, याचे उत्तर हेच. जागा सुटते ती 'कॉम्पॅक्ट' केल्यावर. त्या वेळी उरलेली पत्रे नव्या फाईलमध्ये उतरवून जुनीच्या जागी ती ठेवली जाते. म्हणजे सहा जीबीचा इनबॉक्स असेल तर जवळपास तेवढीच जागा आधी मोकळी हवी. मध्येच वीज गेली किंवा अँटिव्हायरसने फाईल धरून ठेवली की काम अर्धवट राहते आणि 'एनएसटीएमपी' नावाच्या अवाढव्य फायली मागे उरतात.

अँटिव्हायरसचा दुसरा धोका याहून वाईट. एकाच पत्राच्या जोडपत्रात व्हायरस सापडला तरी अँटिव्हायरसच्या दृष्टीने दोषी ठरते ती अख्खी फाईल, आणि तो सगळा इनबॉक्स उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे बंदिस्त कोठडीत टाकतो. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली येणारे प्रत्येक पत्र सुटे तपासू देण्याचा पर्याय आहे, तो चालू करावा. शिवाय अँटिव्हायरसला थंडरबर्डचा प्रोफाइल फोल्डर (सगळी पत्रे आणि सेटिंग्ज जिथे असतात तो) वगळायला सांगावा.

प्रत्येक फोल्डरच्या फाईलशेजारी त्याच नावाची 'डॉट एमएसएफ' फाईल असते. ती नुसती अनुक्रमणिका, मॉर्क नावाच्या नेटस्केपकालीन पद्धतीत लिहिलेली. ती बिघडली की पत्रे दिसत नाहीत, नाहीतर एका विषयावर क्लिक केले तर भलतेच पत्र उघडते. उपाय सोपा आहे. फोल्डरवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. तेवढ्याने भागले नाही तर थंडरबर्ड बंद करून फक्त ती एमएसएफ फाईल काढावी, पुन्हा उघडल्यावर ती नव्याने तयार होते. मात्र दुरुस्तीत स्वतः लावलेल्या काही खुणा जाऊ शकतात. आणि इथेच लोक मोठी चूक करतात. नावापुढे काहीच नसलेली 'इनबॉक्स' फाईल त्यांना निरुपयोगी वाटते आणि ते तीच उडवतात. खरी पत्रे तिच्यातच असतात.

एका पत्राला एक फाईल देणारी मेलडिर पद्धत थंडरबर्डमध्ये बरीच वर्षे आहे, पण ती नवे खाते जोडण्याआधी निवडावी लागते, आणि आजही ती डोळे झाकून वापरावी इतकी पक्की झालेली नाही. मॉर्क काढून त्याजागी एसक्यूलाइटवर चालणारा डेटाबेस आणण्याचे काम सुरू आहे. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काहीच नवे दिसणार नाही, म्हणून अशा कामाचे कौतुक होत नाही. आमच्या मते पुढच्या दोन वर्षांत सर्वाधिक माणसे इथेच लावावीत.

दुसरा प्रश्न मोठ्या कंपन्यांच्या दारातून आत जाण्याचा. गूगलने मे २०२२ पासून नुसत्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रॅमला वैयक्तिक खात्यात शिरू देणे बंद केले, तेव्हापासून ओऑथ (गूगलच्या लॉगिन-खिडकीतून प्रोग्रॅमला परवानगी देण्याची पद्धत) किंवा वेगळा ॲप-पासवर्ड लागतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे येणाऱ्या पत्रांच्या सर्व्हरला ओऑथ लावतात आणि जाणाऱ्यांचा सर्व्हर तसाच राहतो. तो खाते-सेटिंग्जच्या यादीत अगदी तळाशी वेगळा असतो. मग पत्रे येतात, पण जात नाहीत. थंडरबर्डमध्ये कुकीज बंद असतील तर लॉगिनची खिडकी नुसती उघडते आणि पुढे सरकत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या कार्यालयीन मेल-सेवेसाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये १४५ व्या आवृत्तीत थेट सोय आली, तीही आधी फक्त पत्रांपुरती, कॅलेंडर आणि ॲड्रेस बुकाविना. ती एक्स्चेंजशी जोडणाऱ्या ज्या जुन्या ईडब्ल्यूएस मार्गावर बांधली, तो मार्ग आपल्या क्लाउड सेवेत ऑक्टोबर २०२६ पासून बंद करण्याचे मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केले होते. मायक्रोसॉफ्टच्याच ग्राफ या नव्या मार्गाचे काम म्हणूनच लांबवता येणार नाही. कार्यालये थंडरबर्ड सोडतात ती रंगरूपासाठी नाही, उद्या सकाळी पत्रे येतील की नाही या भीतीने.

तोवर वापरकर्त्यांनी बॅकअप मात्र नीट घ्यावा. हेल्प, ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, प्रोफाइल फोल्डर, असे जाऊन फोल्डर उघडावा, मग थंडरबर्ड पूर्ण बंद करून अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवावा. टूल्समधल्या एक्स्पोर्टवर विसंबू नये, दोन जीबीपेक्षा मोठे प्रोफाइल त्याला पेलत नाही. चालू थंडरबर्डचे प्रोफाइल वनड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरात तर ठेवूच नये. आयमॅप खाते (सर्व्हरवरची पत्रे सगळ्या उपकरणांवर सारखी दाखवणारे) म्हणजे बॅकअप नव्हे, तिथे एका ठिकाणी पुसलेले पत्र सगळीकडून जाते. कार्यालयांनी दर महिन्याच्या आवृत्तीऐवजी ईएसआर ही दीर्घकालीन आवृत्ती घ्यावी. नव्या आवृत्तीने उघडलेले प्रोफाइल जुनी आवृत्ती सहजी उघडत नाही, तेव्हा बदल करायचा तो बॅकअप घेऊनच.

मराठी वापरकर्त्यांसाठी एक खास सूचना. युनिकोडपूर्व काळातली, श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएम या टंकलेखन-प्रोग्रॅमच्या फॉन्टमध्ये लिहिलेली पत्रे आज इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीसारखी दिसतात. 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग'ने ती सुधारत नाहीत, कारण तिथे एन्कोडिंग (अक्षरे आकड्यांत साठवण्याची पद्धत) चुकलेलेच नसते. मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. अशी पत्रे खराब झाली समजून पुसू नयेत. मूळ फॉन्ट कोणता हे शोधून मजकूर युनिकोड-परिवर्तकातून काढला की तो वाचता येतो, आणि मूळ पत्रही फोल्डरात तसेच राहू द्यावे.

आपला नम्र,
एक वाचक